खांबाखालचा हिरो

आदर्श नगर, जयपूर
१४ सप्टेंबर २०२५

ती. विनयाआत्यास,

साष्टांग नमस्कार. (पलंगावर आडवा पडूनच लिहितोय, त्यामुळे नमस्कार आपोआप साष्टांग झाला.)

फोनवर तू म्हणालीस, "पत्र लिही. फोनवर हो-हो करून ठेवून देतोस. कागदावर थापा मारायच्या तर निदान हात तरी दुखेल." घे, दुखतोय हात. मतलब थापा आहेत असं नाही. चौथीपासून जयपूरच्या हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाच्या शुद्धलेखनाला हसू नकोस, एवढंच.

तुझ्या भावानं, म्हणजे आमच्या पूज्य बाबांनी, तुला सांगितलंच असेल की मी जूनमध्ये इंजिनिअरिंग सोडलं, तिसऱ्या वर्षात. कसं सोडलं ते सांगितलं नसेल. प्रोफेसर भर वर्गात म्हणाले, "तुम जीवन में करोगे क्या?" मी बॅग उचलली, दाराशी थांबलो, वळून एक वाक्य फेकलं आणि निघालो. वाक्य चांगलं होतं. अडचण अशी, की सिनेमात ह्यानंतरचा सीन पाच वर्षांनी उघडतो आणि हिरो मोठ्या गाडीतून उतरतो. माझा पुढचा सीन त्याच दुपारी घरात उघडला, आणि बाबा नेमके विमा कंपनीतून लवकर आले होते. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याला विचार, जेवणार आहे का." मी समोरच बसलेला असतो.

असो. खरी बातमी वेगळीच आहे. मी प्रेमात आहे.

तिचं नाव भार्गवी. बार्शीची. इथे आयटी कंपनीत नोकरीला येऊन वर्ष झालं, सोडाल्यात मुलींच्या पीजीत राहते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकांकिका होती, तिच्यात ती काम करत होती आणि मी लाइट टाकत होतो. जुलैत तालमी सुरू झाल्या. मी स्पॉट टाकला की ती डोळे बारीक करून वर बघायची. म्हटलं, बास. मग मंडळाची सभासद-यादी हाती लागली. आमचं मंडळ यादीत नाव आणि फोनसोबत रक्तगटही छापतं, परमुलखात अडीअडचणीला असावा म्हणून. ती बी पॉझिटिव्ह. मीही बी पॉझिटिव्ह. आता ह्यापुढे पत्रिकावाले काय जुळवणार?

प्रगती उत्तम आहे. रोज संध्याकाळी साडेसातला मी तिच्या पीजीसमोरच्या विजेच्या खांबाखाली उभा राहतो. दुसऱ्या मजल्यावर दिवा लागतो आणि लगेच पडदा ओढला जातो. लाजते. तिच्या ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरशी दोस्ती केली आहे, त्यामुळे तिची शिफ्ट बदलली की मला आधी कळतं. सात दिवस तिच्या ऑफिसात सात घेवर पाठवले (इथली तुपातली जाळीदार मिठाई, तुला चालणार नाही, साखर आहे ना तुला). वर नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती, आठव्या दिवशी तिनं मला फोनवर ब्लॉक केलं. मतलब ओळखलं! आमचं नातं आता शब्दांच्या पलीकडे गेलं आहे.

तू म्हणशील, सिनेमे बघून बिघडला. आणि तू काय बघतेस गं? तीन वर्षं तुझ्या मालिकेतली सून एकाच पडद्यामागे उभी राहून ऐकतेय, आणि अजून तिला चहा टाकायला कुणी हाक मारलेली नाही. माझ्या सिनेमातली माणसं निदान अडीच तासांत कुठेतरी पोचतात.

तुझा (आणि लवकरच दुकटा),
निलय

●

सांगली
२३ सप्टेंबर २०२५

चि. निलय,

आशीर्वाद. अक्षर बघून आधी वाटलं, पोरगं डॉक्टर झालं. मग मजकूर वाचला.

तीस वर्षं कन्याशाळेत शिकवलं मी. आमच्या फाटकासमोरही एक खांब होता. त्याच्याखाली उभे राहणारेही स्वतःला कुणीतरी समजायचे. आम्ही शिक्षिका त्यांना खांबाचे पाहुणे म्हणायचो. मुली काय म्हणायच्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पडदा ओढला म्हणजे लाजली, हा शोध कुणाचा? समोरचे शामराव सकाळी बनियनवर गॅलरीत येऊन सूर्यनमस्कार घालायला लागले की मीही पडदा ओढते. शामराव अजून मला मागणी घालायला आलेले नाहीत. त्यांना तेवढी अक्कल आहे, आणि ते इंजिनिअरिंगला गेलेसुद्धा नव्हते.

ब्लॉक म्हणजे काय ते मी संपदाला विचारलं. तुझी वहिनी एका वाक्यात म्हणाली, "आई, ब्लॉक म्हणजे दार लावून आतून कडी घालणं." तू दाराबाहेर उभा राहून म्हणतोस, आमचं नातं शब्दांच्या पलीकडे गेलं. गेलंच आहे बाबा. ते दाराच्या पलीकडे गेलंय.

कॉलेजचं मी बोलत नाही, ते तुझा बाप बोलेल, आईमार्फत. मी एकच विचारते आणि एका शब्दात उत्तर हवंय. ती हो म्हणाली का?

माझ्या मालिकेला नावं ठेवू नकोस. ती सून पडद्यामागे उभी आहे, पण स्वतःच्या घरात. तू रस्त्यावर उभा आहेस.

तुझी,
आत्या

●

आदर्श नगर, जयपूर
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

रागानं नमस्कार.

एका शब्दात उत्तर हवं म्हणे. मी काय परीक्षेला बसलोय? परीक्षा सोडल्या मी.

ठीक आहे, ऐक. नाही म्हणाली. एकदाच. मतलब दोनदा. पहिल्यांदा सोडाल्याच्या पताशीवाल्यापाशी. पताशी म्हणजे आपली पाणीपुरी. तिच्या तोंडात अख्खी पताशी होती, मी विचारलं, तिनं मान हलवली. आता तोंड भरलेल्या माणसाचा नकार कोण धरतं? दुसऱ्यांदा तोंड रिकामं होतं, पण तेव्हा ती रागात होती. रागातलं तर कुणीच धरत नाही. आणि आत्या, तू मला एक सिनेमा दाखव ज्यात हिरॉइन पहिल्या फटक्यात हो म्हणते. म्हटलं, तर मध्यंतरापर्यंत दाखवणार काय? पॉपकॉर्न?

तिसरं "नाही" येईपर्यंत माणसानं थांबायचं नसतं. हे सगळ्या देशाला माहीत आहे. सांगलीला कळवलेलं दिसत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुझा भाचा टीव्हीवर येतोय! "पीछे कौन" नावाचा कार्यक्रम आहे, खऱ्या घटनांवरचा. तू बघतेसच, नाही म्हणू नकोस, बाबांनी सांगितलंय की तो बघून तू दाराला तीन कड्या लावल्या आहेत. त्याचं शूटिंग इथे झोटवाड्यात, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये चालतं. देवराम म्हणून एक जण त्यांना माणसं पुरवतो, त्यानं मला मंडळाच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. म्हणाला, "आपके चेहरे में कुछ है." रोल लीडचा आहे. नाव रॉकी. रॉकीचं वैशाली नावाच्या मुलीवर प्रेम आहे.

इथली पद्धत अशी, की पूर्ण गोष्ट कुणालाच सांगत नाहीत. सकाळी आपापल्या सीनचं पान हातात ठेवतात आणि संध्याकाळी काढून घेतात, गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून. माझ्या पानावर दिवसभर एकच वाक्य: "रॉकी वैशाली को देखता है." मी बघितलं. मन लावून बघितलं. माझा अंदाज, वैशालीचा काका खुनी असणार. त्याच्या मिश्याच तशा आहेत.

दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याला ताप आला आणि पानंच आली नाहीत. वरुण सर, म्हणजे डायरेक्टर, डोकं धरून बसले. मग मला म्हणाले, "तुम बताओ, ऐसा लड़का क्या-क्या करेगा?" आत्या, माझी सरस्वती जागी झाली! मी सगळं सांगितलं. खांब सांगितला, ड्रायव्हर सांगितला, घेवर सांगितले, मंडळाच्या यादीतून नंबर आणि रक्तगट काढणं सांगितलं. सर उभेच राहिले. "भाई, ये दिमाग कहाँ से लाते हो?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "दिल से, सर." मेकअपवाल्या दीदीनं माझ्याकडे बघून ओढणी सारखी केली आणि दोन पावलं मागे सरकून माझ्या गालाला पावडर लावली. भारावली बिचारी.

दाखवणार १ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी सातला. अख्ख्या गल्लीला बोलाव. भार्गवीच्या पीजीतल्या मुलीही हा कार्यक्रम बघतात, ड्रायव्हरनं सांगितलं. एकदा तिनं पाहिलं की तिला कळेल, मी कोण आहे ते.

तुझा स्टार भाचा,
निलय

●

सांगली
२ नोव्हेंबर २०२५

चि. रॉकी,

आशीर्वाद द्यावे की जामीन, ह्या विचारात आहे.

तू सांगितलंस म्हणून अख्खी गल्ली बोलावली. शामराव स्वतःची खुर्ची घेऊन आले. संपदानं दिवाळीचा उरलेला चिवडा काढला. तू दिसलास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू खांबाखाली उभा, केस उडतायत, खरंच सांगते, आमच्या प्रकाश-संपदाच्या लग्नातला तुझा फोटो आठवला. आणि तेवढ्यात चित्र थांबलं. कोटातला तो निवेदक चालत आला, तुझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "गौर से देखिए इस चेहरे को."

शामरावांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

काका निर्दोष निघाला. मिश्या असूनही. शेवटी तू वैशालीला गच्चीवरून ढकललंस आणि पोलिसांनी तुला कॉलर धरून नेलं. आज सकाळी शामराव पांढरे कपडे घालून दारात. "बाई, पोरगं सुटलं का?" मी म्हटलं, "शामराव, ते नाटक होतं." तर म्हणतात, "पण खाली लिहिलं होतं, सच्ची घटना." दूधवाला आज बाहेरच्या पायरीवर पिशवी ठेवून पळाला. उद्यापासून भाजीही पायरीवर येईल बहुतेक.

ह्याच्यावर मी महिनाभर हसले असते, निलय. पण टीव्हीवर घेवर आला आणि माझं हसू गेलं. मी उठले आणि कपाटातून तुझं सप्टेंबरचं पत्र काढलं. सात दिवस, सात घेवर. ड्रायव्हर. यादी. साडेसात. त्यांनी तुझी एकही गोष्ट बदलली नाही रे. फक्त पार्श्वसंगीत बदललं. तुझ्या पत्रात सतार वाजत होती, तिथे ढोल वाजला.

आता ती हो म्हणाली का हे विचारत नाही. तिनं हे पाहिलं का, ते सांग.

आणि एक. शामरावांची नात आमच्यातच बसली होती, दहावीतली. कार्यक्रम संपल्यावर आईच्या कानाला लागून म्हणाली, क्लासवरून येताना एक जण असाच मागून येतो. दोन महिने. कुणाला बोलली नव्हती, कारण त्यानं "काही केलं नव्हतं". आज शामराव काठी घेऊन तिला आणायला गेलेत. तुझं तोंड बघून एका पोरीनं तोंड उघडलं. तुझ्या आयुष्यातलं पहिलं उपयोगी काम, आणि तेही चुकून.

आत्या

●

आदर्श नगर, जयपूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

मला फसवलं! प्रेमाची गोष्ट म्हणून घेतली आणि गुन्ह्याची करून दाखवली. दुसऱ्याच दिवशी मी झोटवाड्याला जाऊन देवरामची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "रॉकी भैया, आपको क्या लगा, इस शो में शादी दिखाते हैं?" दाराशी थांबून वाक्य फेकणार होतो, पण शेडला दारच नव्हतं.

घरी बाबा पाच महिन्यांत पहिल्यांदा आईला वळसा घालून थेट माझ्याशी बोलले. "हा अभिनय होता ना?" मी म्हटलं, "अभिनय." ते म्हणाले, "चांगला होता." आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

मग मी ठरवलं, भार्गवीला भेटून समजावून सांगायचं की मी तसा नाही. काल गेलो सोडाल्याला. आणि ती येईपर्यंत थांबायचं कुठे, तर खांबाखाली. तिथे जाऊन उभा राहिलो, तर कार्यक्रम पाहिलेला कोपऱ्यावरचा पानवाला हसत हसत टपरीतून वाकला. "अरे भाईसाहब! आज फिर शूटिंग? कैमरा कहाँ रखा है?"

मी म्हटलं, कॅमेरा नाही.

त्याचं हसू तिथेच विरलं. चुना लावायचा थांबला. मग टपरीतून उतरला आणि पीजीच्या वॉचमनकडे गेला.

तेवढ्यात दोन मुली फाटकातून बाहेर आल्या. मला पाहिलं. एकीनं दुसरीचा हात धरला आणि दोघी परत आत गेल्या. आत्या, त्या किंचाळल्या नाहीत, पळाल्या नाहीत. पळाल्या असत्या तर बरं झालं असतं, सिनेमा तरी वाटला असता. चालतच गेल्या, भराभर, मागे न बघता, जसं आपण पाऊस आला की दोरीवरचे कपडे काढतो. सवयीनं.

तिनं पाहिलं का ते मला कळलं नाही. मी परत आलो. मी तसा नाही गं. मी कुणाला गच्चीवरून ढकलीन का? उंचीवर मला चक्कर येते, तुला माहीत आहे.

निलय

●

जयपूर
१३ नोव्हेंबर २०२५

निलय,

हे पत्र मंडळाचे जनार्दनकाका तुझ्या हातात देतील. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. ते मला म्हणाले, "तरुण मुलं पत्रं लिहितात, छान वाटलं." त्यांच्या आनंदावर मी पाणी ओतलं नाही.

कार्यक्रम पाहिला. पीजीतल्या सोळा जणींनी पाहिला. गोष्ट कुणाची आहे ते घेवर यायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. तुझे घेवर आमच्या ऑफिसच्या सिक्युरिटीनं खाल्ले, त्याला आवडले, तेवढं कळवते.

काही चुका झाल्या आहेत, त्या दुरुस्त करून घे. वैशाली त्यात सारखी किंचाळते. मी एकदाही किंचाळले नाही. मी नंबर ब्लॉक केला. तालमीतून मिळालेल्या चार मैत्रिणी होत्या, त्यांच्याकडे जाणं सोडलं. मंडळाच्या कोजागिरीला आले नाही. सप्टेंबरपासून मी दुसऱ्या वाटेनं येते-जाते, कोणत्या ते लिहीत नाही. तू ज्या दिव्याकडे बघत उभा राहायचास तो माझी रूममेट प्रणिता लावायची. पडदाही तीच ओढायची. ती लाजत नव्हती, शिव्या घालत होती, तुला खालून ऐकू आल्या नसतील.

कार्यक्रमात शेवटी मुलगी मरते, म्हणून सगळ्यांना तो गुन्हा वाटला. मी मेले नाही, त्यामुळे माझं जे झालं त्याला काय म्हणायचं ते कुणाला कळत नाही. माझ्या टीम लीडरनं विचारलं, "पर उसने किया क्या?" मी सांगायला लागले आणि माझं मलाच ते फार छोटं वाटायला लागलं. वाट बदलली. एवढंच.

मला जयपूर आवडतं. ही टीम मी मागून घेतली आहे. पण पुण्याला बदली मागायची असेल तर अर्ज ५ डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे, आणि तो भरून तयार आहे. पोलिसांकडे जाता येतं, अजूनही जाईन. त्याआधी एक गोष्ट करून बघते. हे पत्र तुझ्या बाबांना वाचायला दे. त्यांनी वाचल्याची सही करावी आणि ते जनार्दनकाकांकडे परत यावं. मग मला कळेल की तू काय करतोस ते तुझ्या घरात कुणालातरी माहीत आहे.

भेटायला येऊ नकोस. उत्तर लिहू नकोस.

भार्गवी

●

आदर्श नगर, जयपूर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

तिच्या पत्राची नक्कल सोबत ठेवली आहे. वाच आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव.

मी दोन दिवस विचार केला. बाबांना दाखवणं सोडून काहीही करायला तयार आहे. एक, तिच्या ऑफिसच्या दारात सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून माफी मागायची. दोन, कायमचं जयपूर सोडायचं. एक बॅग, एक चिठ्ठी, पहाटेची गाडी. तीन, पुढच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर जाऊन माइकवरून सगळं कबूल करायचं. मला तिसरं जास्त पटतंय, पण गणपतीला दहा महिने आहेत.

बाबांना दाखवायचं म्हणजे "अभिनय" म्हणालो होतो ते खोटं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. ते मला काही बोलणार नाहीत गं. हीच भीती आहे.

लवकर लिही. ५ तारीख जवळ येतेय.

निलय

●

सांगली
२१ नोव्हेंबर २०२५

चि. निलय,

त्या मुलीचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी मराठी माझ्या वर्गात एकीनं लिहिली असती तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते आणि घरी जाऊन रडले असते.

आता तुझे तीन पराक्रम. गुडघ्यांवर बसायला जाऊ नकोस. ती "येऊ नकोस" म्हणाली आहे, आणि तू माफी मागायला जायचं म्हणतोस. अरे, तो तुझ्याच सिनेमाचा पुढचा सीन आहे. ऑफिसचे लोक गोळा होतील, कुणीतरी टाळी वाजवेल, आणि तिला सगळ्यांसमोर तुला माफ करावं लागेल. शहर सोडून जाशील, तर स्टेशनावर दहा वेळा मागे वळून बघशील, ती धावत येते का म्हणून. ओळखते मी तुला. आणि माइक तर तुझ्या हाती कुणी देऊच नये.

तिनं जे मागितलंय त्यात हिरोला काही कामच नाही, म्हणून तुला ते जमत नाही.

तुला सांगते ते संपदालाही माहीत आहे, म्हणून लिहिते. माझ्या मालिकेतली सासू सुनेच्या पर्समधून चिठ्ठी काढते, ते बघून बघून एक दिवस मीही संपदाची पर्स उघडली. आत होतं काय, तर डोकेदुखीची गोळी आणि बसचा पास. तुला मी खांबावरून इतकं सुनावत होते तेव्हा ही चोरी माझ्या पोटात होती. तुझं पत्र आल्यावर तिला सांगितलं. काही वाजलं नाही रे मागे. कुणी रडलं नाही, मिठीबिठी मारली नाही. ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. आता पर्स घेऊन खोलीत जाते आणि दार लावते. आई म्हणते अजून, पण आधी थोडं थांबते. माझं मीच केलंय, माझ्या टीव्हीनं नाही. टीव्हीनं नुसती वाट दाखवली, पाय माझेच होते.

पत्र बापाला दे. जेवण झाल्यावर दे, आधी नको, त्याला पित्त आहे.

आत्या

●

आदर्श नगर, जयपूर
१४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. ह्या वेळी बसून.

दिलं. ३० तारखेला, रविवारी, जेवण झाल्यावर. आई भांडी आवरत होती. मी पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "अभिनय नव्हता. मी खोटं बोललो."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. मग पहिल्या पानावर परत गेले. विम्याचे कागद वाचतात तसं, एकेका ओळीखाली बोट ठेवून. सोळा जणींवर बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर मोकळा झालो असतो. सिनेमात थोबाडीत बसली की बाप-लेक पुढच्या मिनिटाला मिठीत असतात. बाबा नुसतं म्हणाले, "तुझ्या आईला हे मी सांगू की तू?" मी सांगितलं. ते मला लिहिता येत नाही.

सही त्यांनी ऑफिसात करतात तशीच केली, तारखेसकट. सवयीनं खाली हुद्दाही लिहिला. मग हुद्दा खोडला आणि लिहिलं, "वाचले. माझा मुलगा तुमच्या वाटेला पुन्हा आल्यास मला थेट फोन करावा. मी येईन." स्वतःचा नंबर घातला आणि दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून जनार्दनकाकांकडे स्वतः देऊन आले. आता आमचं घर फार शांत आहे. बाबा माझ्याशी बोलतात, थेट. पण फक्त कामाचं. आईमार्फत बोलायचे ते दिवस लाडाचे होते म्हणायचे.

मीही कामाला लागलोय. झोटवाड्यात एक जण लग्नाच्या मांडवांना लाइटिंग करतो, त्याच्याकडे. सध्या सीझन आहे. सगळे नवरदेव घोड्यावरून हिरोसारखे उतरतात, मी वरून त्यांच्यावर स्पॉट टाकतो आणि त्यांच्या डोळ्यांत जातो म्हणून ते डोळे बारीक करून बघतात. माझ्या प्रेमात पडलेला अजून एकही आढळला नाही.

सिनेमे सोडले असं समजू नकोस, तेवढा मोठा मी झालेलो नाही. पण हल्ली आवाज बंद करून बघतो. तू पण बघ करून. अर्धे हिरो दहाव्या मिनिटाला आत जातील.

परवा फोनवर तू विचारलंस, ती जयपुरात राहिली की पुण्याला गेली. मला माहीत नाही. ५ तारीख होऊन नऊ दिवस झाले. विचारलं तर पाच मिनिटांत कळेल, आणि ती पाच मिनिटं रोज संध्याकाळी येतात. मी विचारत नाही. तूही विचारू नकोस. आणि कुणाकडून कळलंच, तर मला लिहू नकोस.

निलय